काचेच्या पेटीतील वेल आणि चातुर्मासाच्या गोळ्या

ज्या भगवंताने प्रथम ओंजळीत मावेल एवढ्या माशाच्या रूपाने दर्शन दिले आणि पुढे ज्याला सागरही अपुरा पडला, त्या मत्स्यरूप नारायणाला वंदन करतो. कोणत्याही लेखनाआधी ज्याचे स्मरण करावे त्या श्रीगजाननालाही वंदन करतो. आज चैत्र शुद्ध तृतीया, मत्स्यजयंती. सकाळची पूजा आटोपून तीर्थ घेत असता सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, आपल्या पेटीची हकीकत एकदा लिहून काढा. मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की मी पदरची भर घालते." या तिथीला याहून उचित असे काय लिहावे, असे मनात आले आणि दौत पुढे ओढली.

हकीकत श्रीरामपूरची आहे. मोठा दुष्काळ सरून कालव्यांना पुन्हा पाणी आले, त्या वर्षीची. मी तेथील एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. चिरंजीव साखर कारखान्यात नोकरीस लागले होते आणि आदल्याच वर्षी त्यांचे लग्न झाले होते. सूनबाई कोकणातील, अगदी समुद्राकाठच्या गावच्या. त्यांच्या माहेरी ओसरीवरून भरती-ओहोटी दिसे. आमच्या घराच्या खिडकीतून दिसे ती मालधक्क्यावरची गाड्यांची ये-जा, आणि हंगामात उसाच्या गाड्यांची रांग. त्यांनी कधी तक्रार केली नाही. परंतु आमच्या सौभाग्यवतींची दृष्टी तीक्ष्ण. एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, "अहो, ही मुलगी कपडे धुऊन झाले तरी हौदात हात घालून बसते. बघा तुम्ही."

मी पाहिले, चिरंजीवांनीही पाहिले. महिन्याभरात त्यांनी गावातील लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांची चौकट करवून घेतली, तिला चारी बाजूंनी जाड काचा लावल्या आणि सांधे लांबीचा लगदा भरून बुजवले. पेटी दोनदा गळली. दोन्ही वेळा सौ. नी फरशी पुसता पुसता आपल्या पुत्राच्या कारागिरीचे जे वर्णन केले ते येथे लिहीत नाही. तिसऱ्या खेपेस पाणी ठरले. सूनबाईंचे बंधू मुंबईस असत. ते दिवाळसणाचे राहिलेले देणे म्हणून, ओल्या पंच्यात गुंडाळलेली लोणच्याची बरणी घेऊन आले. तिच्यात आठ गप्पी मासे होते. चिरंजीवांनी कालव्याच्या कडेची पाण्यात वाढणारी हिरवी वेल आणून तळाच्या वाळूत रोवली. देवघराशेजारच्या पूर्वेच्या खिडकीत पेटी बसली. सकाळचे कोवळे ऊन त्या पाण्यातून आरपार जाई आणि समोरच्या भिंतीवर हिरवी झुळझुळ उमटे.

दूध घालावयास येणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी उंबऱ्यात थबकून कपाळाला हात लावला.

"आवो मास्तर, बामनाच्या घरात मासं! कवा शिजवायचं म्हनता?"

"शिजवायचे नाहीत गं," सौ. आतून म्हणाल्या, "बघायचे आहेत."

"बगून प्वाट भरतं व्हय?"

"तुझे दूध आम्ही रोज बघूनच घेतो ना, किती पाणी आहे ते?"

"लई ग्वाड बोलता वैनी तुमी," असे म्हणून बाई हसत हसत माप घालून गेल्या. परंतु दुसऱ्या दिवसापासून त्याही दूध घालून झाल्यावर पेटीसमोर घटकाभर उभ्या राहू लागल्या.

आता माझ्या भागाकडे वळतो. सांगावयास थोडा संकोच वाटतो, पण तोच या हकीकतीचा गाभा आहे.

आमच्या घराण्यात चातुर्मासात काही ना काही नियम धरण्याची रीत आहे. कोणी एकभुक्त राहतो, कोणी मौनाने जेवतो. मी काही वर्षांपासून माशांना कणकेच्या गोळ्या घालण्याचा नियम धरला होता. रोज स्नान-संध्या झाल्यावर मोहरीएवढ्या एकशे आठ गोळ्या वळावयाच्या, प्रत्येक गोळीस एकदा रामनाम घ्यावयाचे, आणि त्या प्रवरेत सोडावयाच्या. प्रवरा आमच्यापासून सुमारे दोन कोस. एस.टी.ने बेलापुरास उतरून घाटापर्यंत चालत जावे लागे. त्या वर्षी आषाढात माझा उजवा गुडघा धरला. आषाढी एकादशीस संकल्प सोडला तेव्हाच चिंता पडली की हे चार महिने निभावे कसे.

आणि तेवढ्यात समोर पाहतो तो देवघरापासून तीन हातांवर मासे पोहत आहेत.

मला अतिशय आनंद झाला. नदीच आपण होऊन घरी आली, असे मी सौ. ना म्हणालोही. त्याही प्रसन्न झाल्या. गोळ्यांची कणीक नैवेद्याची म्हणून त्या तिच्यात गुळाचे पाणी आणि तुपाचा थेंब घालू लागल्या. प्रातःकाळी मी पूजा संपवून पेटीपाशी पाट मांडून बसे आणि नामोच्चारासह एकेक गोळी पाण्यात सोडी. मासे झेपावून येत. वीस-पंचवीस गोळ्यांनंतर ते येईनासे होत आणि पुढच्या गोळ्या तळाच्या वाळूत जात. त्या ते मागाहून खात असतील, असे मी गृहीत धरले होते. सोय झाली होती, आणि सोयीला मी कृपा हे नाव दिले होते.

श्रावणात एका मादीला पिल्ले झाली. हे मासे अंडी घालीत नाहीत. डोळे आणि शेपटी एवढेच जणू शरीर, अशी जिवंत पिल्ले प्रसवतात. सूनबाई धावत स्वयंपाकघरात आल्या. "आई, सोळा आहेत!" त्यांना मी इतके मोठ्याने बोलताना प्रथमच ऐकले. थोरले मासे पिल्लांना गिळतात हे त्यांना बंधूंनी सांगून ठेवले होते, म्हणून त्यांनी वेल मुद्दाम दाट वाढू दिली होती. पिल्ले तिच्यात दडून बसत. चौथ्या दिवशी मात्र पाच उरली, आणि आठव्या दिवशी एकही नाही.

भाद्रपदात पुन्हा तसेच झाले. या वेळी चौदा होती. सूनबाई रोज सकाळी केस विंचरण्याआधी पेटीपाशी जाऊन मोजीत, आणि मोजून झाल्यावर काही न बोलता चुलीकडे वळत. एकदा मी गोळ्या सोडीत असता त्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. काही सांगावयाचे आहे असे वाटले. मी विचारले, "काय सूनबाई?" त्या म्हणाल्या, "काही नाही मामंजी, फुले आणलीत का विचारायचे होते." फुले तर समोरच तबकात होती.

सूनबाईंना तेव्हा तिसरा महिना होता. सौ. च्या मनात वेगळीच धास्ती शिरली. पितृपंधरवडा संपल्यावर त्यांनी आम्हा तिघांना बसवून स्पष्ट सांगितले, "हे बघा, घरात गर्भार बाई असताना रोज सकाळी मेलेली पिल्ले मोजणे मला चालायचे नाही. ती पोटातल्या पोटात कुढते, जेवत नाही. आणखी एकदा होऊ द्या. या खेपेसही पिल्ले गेली, तर पेटी शाळेत देऊन टाकायची. पोरे बघतील."

चिरंजीव म्हणाले, "अगं आई, पण..."

"पणबिण काही नाही. रागाने बोलत नाही मी."

त्या खरोखरच रागावलेल्या नव्हत्या, म्हणूनच त्यांच्यापुढे कोणाचे चालेना. सूनबाईंनी मान हलवली. "बरोबर आहे आई," इतकेच म्हणाल्या. एक मादी पुन्हा गाभण दिसत होती, आणि दिवाळीच्या सुमारास ती विणार असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे आमच्या हाती उणेपुरे तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी मी पोथ्या वाचण्याचे भिंग घेऊन पेटीपुढे बसलो. कित्येक दिवस त्या वेलीच्या पानांवर धुके धरल्यासारखे दिसत होते. ते शेवाळ असावे असे आम्ही समजत होतो. भिंगातून पाहिले आणि मी काही काळ हललोच नाही. प्रत्येक पानावर, प्रत्येक देठावर, सुताच्या तुकड्याएवढे फिकट जीव उभे होते. तळ पानाला चिकटलेला, देह सडसडीत, आणि माथ्यावर पाच-सहा तंतू पसरलेले, जणू कोणी आकाशाकडे बोटे फाकून उभे आहे. ते तंतू संथपणे हलत होते. खरे सांगतो, मला ते सुंदर वाटले. ज्याने ते घडविले त्याने आपला हात एवढ्या सूक्ष्म कामातही राखला नाही, असे म्हणून मी हात जोडले.

"सूनबाई, या इकडे. हे पाहा."

त्यांनी भिंग डोळ्याला लावले. त्याच वेळी पाण्यातील एक बारीक पिसू उडत उडत त्या तंतूंना लागली. तंतू आखडले, पिसू थांबली, आणि पाहता पाहता ती त्या देहाच्या आत दिसू लागली.

"मामंजी," सूनबाई भिंग न हलवता म्हणाल्या, "पिल्ले याच वेलीत लपायला जात होती."

मग आम्ही दोघांनी जे केले ते केवळ अज्ञान होते. सूनबाईंनी वेणीचा आकडा घेतला, मी सुपारी कातरण्याचा छोटा अडकित्ता घेतला, आणि दोन दुपारी बसून आम्ही ते जीव खरवडले, चिमटले, कापले. सौ. दाराशी येऊन म्हणाल्या, "सासरा-सून दोघे मिळून पाण्याची सुपारी करताय का?" चार दिवसांनी पाहतो तो पूर्वी जेथे एक होता तेथे दोन उभे. पुराणात एक असुर आहे, त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून तसाच दुसरा उठे. ती कथा मी वर्गात कितीतरी वेळा सांगितली होती. तिचा प्रत्यय खिडकीतल्या पेटीत येईल असे वाटले नव्हते.

शेवटी शाळेतील विज्ञानाच्या मास्तरांना घरी बोलावले. हे माझे जुने स्नेही. धर्माने ख्रिस्ती, रविवारी चर्चमध्ये गायनाला अग्रभागी असत, आणि इतर सहा दिवस माझी थट्टा करण्यात. ते आले, चष्मा कपाळावर चढवला, भिंग घेतले आणि लगेच हसले.

"शास्त्रीबुवा, हा हायड्रा. तुमच्या भाषेत, म्हणजे आमच्या मराठी पुस्तकात, जलव्याल."

"नाव चांगले आहे," मी म्हणालो.

"कुळही चांगले आहे. तुमच्या बोटात ते काय आहे?"

"पोवळे. मंगळासाठी."

"समुद्रात याचेच भाऊबंद लाखोंनी एकत्र राहतात आणि चुन्याची घरे बांधतात. त्या घरांचे तुमचे पोवळे. म्हणजे एक भाऊ बोटात मिरवता आणि दुसऱ्याला अडकित्त्याने कापता! हा कुठला न्याय?"

सूनबाई पदर तोंडाला लावून हसल्या. कित्येक दिवसांनी हसल्या. मास्तर पुढे म्हणाले, "कापून हा मरत नाही, वाढतो. आणि एवढा वाढला म्हणजे याला पंगत कोणीतरी घालते आहे. हा खातो पाण्यातल्या पिसवा. पिसवा वाढतात सडक्या अन्नावर. मुली, तू माशांना खायला काय घालतेस?"

"चिमूटभर," सूनबाई म्हणाल्या. "मुरमुऱ्यांचा चुरा. दोन दिवसांतून एकदा."

"बस एवढेच?"

"एवढेच."

"मग तळाशी हा चिखल कशाचा? आणि पाण्यावर ही साय कसली? तूप ओतल्यासारखी दिसते आहे."

सूनबाईंनी खाली पाहिले. त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या, आणि मला एकदम सारे उमगले. त्या दिवशी त्या मागे येऊन उभ्या होत्या त्या फुलांसाठी नव्हे. त्यांना केव्हाच कळले होते. सासऱ्याच्या व्रताला बोट कसे दाखवावे, म्हणून त्या दोन वेळा पिल्ले गमावून गप्प राहिल्या होत्या. आणि आता पेटी घराबाहेर जाणार होती तरीही त्या 'चिमूटभर' यापुढे एक शब्द बोलत नव्हत्या.

"मास्तर," मी म्हणालो, "तूपच आहे ते. आणि गूळ, आणि कणीक. रोज एकशे आठ गोळ्या मी घालतो. आषाढी एकादशीपासून."

मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "एकशे आठ? या आठ माशांना?"

"नामासह."

"शास्त्रीबुवा, नाम माशांनी घेतले असेल. कणीक सगळी जलव्यालांना पोचली."

मी हसलो, पण मनातून फार खजील झालो. सूनबाई घाईने म्हणाल्या, "मामंजींना कुठे ठाऊक होते? वेलही आम्हीच कालव्यावरून आणली. तिच्याबरोबरच आले असतील ते."

"वेलीबरोबर दोन आले असतील," मी म्हणालो, "दोन हजार मी केले." आणि मग जे बोलणे मला भाग होते ते बोललो. "तुम्ही मला सांगायला हवे होते, असे मी म्हणणार नाही. तुम्हाला सांगता येईल असा मी बसलो नव्हतो, हे खरे. पण यापुढे माझ्यामुळे कशाला अपाय होत असेल, तर व्रत-वैकल्य न पाहता सांगा. ही माझी आज्ञाच समजा."

"बरे," त्या म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून, "मग मामंजी, उद्यापासून तूप नको."

सौ. आतून मोठ्याने हसल्या. "आज्ञा लगेच पाळली हो!"

उपाय मास्तरांनीच सांगितला. हे जीव प्रकाशाकडे सरकतात. पेटीच्या तीन बाजू गोणपाटाने झाकावयाच्या, खिडकीकडची एकच बाजू उघडी ठेवावयाची आणि त्या बाजूला पाण्यात एक सुटी काच उभी करावयाची. दोन-चार दिवसांत ते वेल सोडून त्या काचेवर येऊन बसतात. मग काच अलगद उचलावयाची, स्वच्छ करून पुन्हा ठेवावयाची. तळाचा चिखल रबरी नळीने ओढून काढावयाचा. आणि माशांना आठ दिवस कडक उपवास. "तुमच्या घरात उपवासाची सवय सर्वांना आहेच," मास्तर जाता जाता म्हणाले.

जुन्या तसबिरीची एक काच मिळाली. तिसऱ्या दिवशी ती उचलली, तेव्हा तिच्यावर शेकड्यांनी जलव्याल चिकटले होते. पाण्याबाहेर येताच ते आखडून टाचणीच्या डोक्याएवढे चिकट थेंब झाले. आता त्यांचे काय करावे? मास्तरांचा सल्ला होता, कढत पाणी ओता. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर, या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून नकळत जीवहत्या होते आणि तिच्या परिहारासाठी रोजचे पंचमहायज्ञ सांगितले आहेत, हे मी जाणतो. परंतु नकळत होणे वेगळे. ज्यांना जवळजवळ तीन महिने नाम घेऊन मीच पोसले, त्यांच्यावर आधण ओतावयास माझा हात धजेना.

तेव्हा मी ठरविले की माझ्या गोळ्याही प्रवरेत जातील आणि हे जीवही. गुडघा दुखला तर दुखो. व्रत सोयीसाठी घरात आणले हीच चूक होती.

पहिल्या दिवशी मी ते जीव तांब्याच्या कलशातील पाण्यात खरवडून घेतले. पूजेचा, घासून लखलखीत केलेला कलश. त्याहून शुद्ध पात्र कोणते? एस.टी. चुकली, दुसरी यावयास दोन तास लागले. घाटावर भिंग लावून पाहतो तो सारेच निश्चेष्ट. संध्याकाळी मास्तरांना सांगितले, तर त्यांनी मांडीवर थाप मारली. "अहो, तांबे म्हणजे त्यांना विष! पेटीतही तांब्याची तार टाकली तर हे मरतील. पण तुमची पिल्लेही दगावतील, म्हणून मी बोललो नव्हतो." मी त्या दिवशी रात्रीचे जेवण वर्ज्य केले. दुसऱ्या दिवसापासून मुंबईहून आलेली ती लोणच्याची बरणी घेऊन निघालो.

गाडीत कंडक्टरने बरणी पाहिली. "बाबा, लोनचं कुनाला?"

"लोणचे नाही. जीव आहेत."

त्याने बरणी उजेडात धरली, फिरवून पाहिली. "काय बी दिसंना की! नुसतं पानी हाय."

"फार लहान आहेत."

"म्हंजी अर्धं तिकीट बी न्हाई," असे म्हणून त्याने माझे एकट्याचे तिकीट फाडले. पुढे आठ-दहा दिवस तो मला पाहताच विचारी, "बाबा, आज किती पाव्हनं?" सारी गाडी हसे, मीही हसे.

मास्तरांना हे कळल्यावर त्यांना आवरेना. "शास्त्रीबुवा, नदीत हे आधीच कोट्यवधी आहेत. तुम्ही त्यांना माहेरी पोचवताय आणि वर शिदोरीही देताय!" मी म्हणालो की लेकीबाळींना माहेरी पोचवणे हे वडीलधाऱ्याचे कामच आहे.

चालण्याने गुडघा सुटला, हे अनपेक्षित. वैद्यांनी काढा दिला होता, त्याचाही गुण असेल. घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून गोळ्या सोडीत असता पाण्यातून मोठे मासे उसळून येत, एकही गोळी तळाला जात नसे, आणि आपण इतके दिवस काय गमावून बसलो होतो ते मला कळत असे. घरातल्या पेटीत घातलेल्या गोळ्या संकल्पात धराव्या की पुन्हा घालाव्या, अशी मला शंका आली. ती सौ. पुढे मांडली. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मासे ते मासेच. देव काय गावाचे नाव विचारतो?" माझ्या अध्ययनात याहून स्पष्ट निर्णय मला सापडला नाही.

इकडे पेटी बदलत होती. दहाव्या दिवशी काच उचलली तेव्हा तिच्यावर सात जलव्याल होते. बाराव्या दिवशी सूनबाईंनी भिंग घेऊन वेलीचे पान न् पान तपासले आणि दोनच सापडल्याचे सांगितले. पाणी निवळले होते, वेलीचे धुके गेले होते. परंतु मादी विण्याची वेळ जवळ आली तशा सूनबाई अधिकच अबोल झाल्या. त्यांनी गोणपाटे काढली नाहीत, उपवासही सोडवला नाही. एकदा मला विचारले, "मामंजी, दोन राहिले तर पुन्हा दोन हजार होतील का?"

"कोणी एकशे आठ गोळ्या घातल्या तर होतील," मी म्हणालो. त्यावर त्या थोड्या निवळल्या.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी पिल्ले झाली. सौ. सवत्स गाईची पूजा करून शेजारच्या गोठ्यातून परतत होत्या; हातात तबक तसेच होते. सूनबाई गोणपाटाची कड उचलून पेटीपुढे उकिडव्या बसल्या होत्या.

"किती गं?" सौ. नी विचारले.

"एकोणीस."

तबकातील चिमूटभर हळदकुंकू सौ. नी पेटीच्या लोखंडी चौकटीला लावले. तांदूळही वाहणार होत्या, तोच सूनबाई झटकन उठल्या. "आई, पाण्यात काही नको हं!" आणि बोलून गेल्यावर स्वतःच घाबरल्या. सौ. नी अक्षता मुकाट्याने परत तबकात ठेवल्या. "चौकटीवर चालतील ना? की त्यालाही मास्तरांना विचारायचे?"

मग दिवाळीचे चार दिवस गेले. फराळ झाला, पाहुणे आले, गेले. रोज सकाळी सूनबाई मोजीत आणि आम्ही सारे कान देऊन असू. एकोणीस. एकोणीस. पाडव्यास अठरा, एकाला थोरल्या माशाने गिळले असावे. भाऊबीजेस पुन्हा अठरा. आठवा दिवस उलटला तेव्हा सूनबाईंनी कणीक मळता मळता गुणगुणावयास सुरुवात केली. ते त्यांच्याकडचे कोळ्यांचे गाणे असावे. मला शब्द कळले नाहीत.

प्रबोधिनी एकादशीस माझा संकल्प पूर्ण झाला. शेवटच्या एकशे आठ गोळ्या प्रवरेत सोडून घरी आलो तो सौ. गोणपाटाची कड वर सारून पेटीपुढे पाटावर बसलेल्या. नाकाशी माझे भिंग, तर्जनी हवेत.

"अकरा, बारा... थांब रे मेल्या, तुला मोजले मी. अहो, ही मेली एका जागी राहात नाहीत. सूनबाई सांगते अठरा आहेत म्हणून. मला काही मोजता येत नाहीत, पण पुष्कळ आहेत."

"मग पेटीचे काय ठरले?" मी विचारले. सूनबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या माझ्याकडे नव्हे, सासूबाईंकडे पाहत होत्या.

सौ. नी भिंग खाली ठेवले. "पेटी कुठे जात नाही. शाळेतल्या पोरांना हवीच असतील तर पिल्ले न्यावीत चार, मोठी झाल्यावर." आणि सूनबाईंकडे वळून म्हणाल्या, "तू आता जेव पोटभर. अठरा ना? मग अठरा घास जास्त."

सूनबाईंनी पेटीवरची गोणपाटे काढली. चारी बाजूंनी उजेड आत शिरला. वेलीतून एकेक पिल्लू बाहेर येऊन काचेशी नाक लावून उभे राहिले, आणि आम्ही तिघे बाहेरून तसेच उभे राहिलो.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, ज्या जगन्नाथाने जलव्यालाला बोटे दिली आणि प्रवरेला पाणी दिले, तो तुमच्या घरादारावर कृपादृष्टी ठेवो. तुमच्या घरी लहानांना थोरांची चूक सांगण्याचे धैर्य येवो, आणि थोरांना ती ऐकून हसता येवो. तुमच्या लेकीसुना जेथे असतील तेथे सुखाने नांदोत, तुमची व्रते तडीस जावोत, आणि तुमच्या हातून अन्न पावणारा प्रत्येक जीव तृप्त होवो. शुभं भवतु.